तिच्याशी बोलणारा माझा आवाज

धारूरच्या डोंगरपट्ट्यात मी लोकांची मतं गोळा करत हिंडायचे, तेव्हा हातात कागदाचे फॉर्म असायचे. पारापासून सुरुवात करायची, उजव्या हाताचं दर पाचवं घर घ्यायचं, एवढाच नियम. दुष्काळाच्या वर्षी पाचव्या घराला कुलूप, पुढच्याला कुलूप. माणसं ऊसतोडीला गेलेली. मागे राहिलेल्या एका बाईला मी विचारलं, "सहकारी कारखान्याच्या कारभारावर तुम्ही समाधानी आहात का?"

डोक्यावरची घागर न उतरवताच ती म्हणाली, "पाण्याचं कावून न्हाई इचारत?"

तसा प्रश्न फॉर्मवर नव्हता. मी तिचं बोलणं समासात लिहून घेतलं.

मग टॅब आला. त्याला समास नव्हता. 'घर बंद' असं दाबलं की तो लगेच दुसरं घर मागायचा. हळूहळू माजलगावच्या धरणाखालच्या बागायतदारांचीच मतं जास्त भरू लागली, कारण ते घरी सापडायचे. मी ऑफिसातल्या साहेबांना हे सांगितलं.

"काळजी करू नका," ते म्हणाले. "जे कमी भरतात त्यांच्या उत्तरांना आम्ही हिशोबात जास्त वजन देतो."

"आणि ज्यांचं एकही उत्तर नाही, त्यांना?"

ते हसले.

पुढे गावोगाव फिरणंच बंद झालं. माझा आवाज स्वच्छ म्हणून बीडच्या एका खोलीत बसवून माझ्याकडून प्रश्न वाचून घेतले. आता यंत्र फोन लावणार, माझा आवाज विचारणार, लोक बटण दाबणार. माझ्याकडे काम उरलं ते अर्धवट राहिलेल्या फोनांचं रेकॉर्डिंग नंतर ऐकून ते बाजूला काढायचं.

त्यातल्याच एका फोनवर एक बाई होती.

"ताई, बरं झालं फोन केला," ती घाईघाईनं बोलत होती. "आमी कर्नाटकात हाव, उसाच्या फडावर. मालक ट्रकवरून पडलेत. दोन दिस झाले, उठना गेलेत. मुकादम गावाकडं सोडीना. कुनाला सांगावं ओ?"

"समाधानी असल्यास एक दाबा," माझा आवाज म्हणाला. "नसल्यास दोन दाबा."

"दाबते ताई, पर आदी ऐका की."

"आपण उत्तर दिलेले नाही."

ती पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. या वेळी सावकाश, समोरचीला नीट समजावं म्हणून. माझ्या आवाजानं तिचे आभार मानले आणि फोन कट झाला.

मी कानावरचं काढून ठेवलं आणि साहेबांकडे गेले. "मला हा नंबर द्या."

"नंबर आपल्यालाही दिसत नाहीत. लोकांच्या खाजगीपणाचा प्रश्न असतो."

"तिचा नवरा पडलाय."

"कधीचा फोन आहे?"

मी पाहिलं. तीन आठवडे उलटले होते. "अपूर्णमध्ये टाका," ते म्हणाले.

मी टाकला.

पुढच्या पाहणीला मला बोलावलंच नाही. माझ्या आधी रेकॉर्ड केलेल्या आवाजावरून संगणक नवी वाक्यं बनवतो म्हणे. निकाल पेपरात आला : जिल्ह्यातले बहुतेक शेतकरी समाधानी. मी शेजारणीला तो वाचून दाखवला.

"आसतील बाई," ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली.