एकही लाल बाण नसलेलं घर

आमच्या वन्संना गोड बोललेलं चालत नाही. कुणी नुसतं "ताई, बसा ना, पाणी आणू का?" म्हणालं, तरी त्या आधी त्या माणसाच्या हातांकडे बघतात, मग दाराकडे, आणि मग विचारतात, "काम काय आहे ते बोला." मी त्यांना शंकासुर म्हणते. तोंडावर नाही हो, मनातल्या मनात. नवऱ्याची थोरली बहीण आहे ती, माझी काय छाती!

तसा त्यांचा धंदाच संशयाचा. शर्टांच्या कारखान्यात त्या चेकर होत्या. शिवून आलेला शर्ट हातात आला की आधी तो उलटा करायचा. काखेतली शिवण, कॉलरचा आतला काठ, बटणाची काजं, सगळं आतून बघायचं. चूक दिसली की तिथे एक लाल कागदी बाण चिकटवायचा आणि शर्ट शिवणारीकडे परत. दुरुस्त होऊन आला की पुन्हा बघायचा, आणि बाण काढायचा तो फक्त चेकरनं. हा तिथला नियम. पण शिवणाऱ्या बायकाही काही कमी नव्हत्या. काम उरकायची घाई असली की नखानं बाण काढायच्या आणि शर्ट तसाच गठ्ठ्याच्या तळाशी सरकवायच्या. वन्सं गठ्ठ्यावरून नुसतं बोट फिरवायच्या. बाणाचा डिंक कापडाला राहतोच, तो बोटाला लागायचा. मग कुणाची खैर नाही.

मंदी आली तेव्हा मालकानं सगळ्यांना खाली अंगणात बोलावून चहा पाजला. म्हणाला, "तुम्ही माझं कुटुंब आहात. थोडे दिवस कळ काढा, सगळं ठीक होईल." बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटला हे भलं मोठं कुलूप! राहिलेला पगारही गेला. वन्संचा घरमालक तर आणखी गोड. "ताई, भाड्याची काळजी नका करू, सवडीनं द्या," म्हणाला आणि पुढच्या महिन्यात त्यांची खोली दुसऱ्याला देऊन मोकळा झाला. नवरा केव्हाच वारलेला, मूलबाळ नाही. एक पेटी आणि एक गादी घेऊन त्या आमच्याकडे आल्या, चार दिवसांसाठी.

ते चार दिवस काही संपेनात. दोन खोल्यांचं आमचं घर. आतली खोली वन्संची झाली, आणि आमची लेक अभ्यासाला मोरीच्या उंबऱ्यावर पाट घेऊन बसायला लागली. वन्सं रिकाम्या बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. दूध तापवलं की त्या पातेलं कलतं करून बघायच्या. मी कपडे घडी केले की त्या उलगडायच्या. बाणांची एक गुंडाळी त्यांच्या पेटीत उरली होती. एके दिवशी बघते तर माझ्या स्वयंपाकाच्या ओट्याच्या कोपऱ्यात लाल बाण! नीट पुसला नव्हता म्हणून. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणता!

आणि माझा नवरा? "ताई, तुझंच घर आहे गं, हवं तितकं राहा," असं बहिणीला म्हणायचा आणि बाहेरच्या खोलीत येऊन माझ्या कानात, "काहीतरी मार्ग काढ ना!" म्हणजे वाईट मी व्हायचं आणि साहेब राहणार भाऊराया.

त्याच सुमारास सरकारची ती योजना आली. गावाबाहेर बिल्डरनं मंदीत पळ काढताना अर्धवट टाकलेल्या इमारती होत्या. नुसते खांब आणि भोकं. त्या सरकारनं ताब्यात घेतल्या आणि जाहीर केलं, की ज्यांची कामं गेली त्यांनीच त्या पुऱ्या करायच्या, रोजच्या पगारावर. काम शिकवायला माणसं मिळतील. आणि जे शेवटपर्यंत टिकतील त्यांना तिथेच भाड्यानं घर. भाडं पगाराच्या ठरावीक हिश्शाच्या वर जाणार नाही, आणि काम सुटलं तर भाडंही उतरणार.

"काम सुटलं तर भाडं उतरणार?" वन्सं माझ्याकडे बघून म्हणाल्या. "हे कुठल्या जगात होतं गं?"

"होत असेल की एखाद्या जगात."

"कुठेतरी पाणी मुरतंय. फुकाची माया कुणी करत नाही. निवडणुका आल्या असतील."

तरी गेल्या. पगार होता ना. कारखान्यातल्या बऱ्याचशा मैत्रिणीही तिथे होत्या. कॉलर शिवणारी आता फरशांच्या फटी भरत होती, काजं करणारी दारांना बिजागऱ्या ठोकत होती. वन्संना सुरुवातीला भिंती घासायला लावलं. त्यांनी घासता घासता भिंतीवर बाण लावायला सुरुवात केली. इथे भेग, तिथे पोकळ फरशी, हा नळ गळका. साइटवरच्या इंजिनियरबाई तरुण होत्या पण डोकं जाग्यावर होतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मावशी, आजपासून हेच काम तुमचं. तुम्ही बाण काढल्याशिवाय कुठलंच घर तयार धरायचं नाही." वन्सं घरी येऊन म्हणाल्या, "मला एवढा मान का देतायत? बघायला हवं."

मी एका हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर असते. मंदीत आम्ही तिथे माशा मारत बसायचो, मालक रोज कुणाला तरी काढायच्या गोष्टी करायचा. साइट सुरू झाली आणि नळ, कड्या, रंग, सगळं उठायला लागलं. साइटवरच्या बायका पगार झाला की समोरच्या दुकानातून लेकरांना चपला घ्यायच्या, मग तो चपलावालाही हसायला लागला. माझ्या डोळ्यांदेखत होतं हे सगळं. मी वन्संना सांगायची, "अहो, एकाच्या हाताला काम मिळालं की दहा जणांची चूल पेटते, सरकारला तेवढं कळलंय, बाकी काही कट नाही." वन्सं म्हणायच्या, "तुझं दुकान चालतंय, तू म्हणणारच." कपाळ!

टिकलेली माणसं जास्त आणि घरं कमी, म्हणून मग सोडत निघाली. वन्संच्या मते सोडत आधीच ठरलेली असते, पण त्यांचं नाव निघालं. तिसरा मजला, कोपऱ्यातलं घर, दोन बाजूंनी उजेड. शनिवारी संध्याकाळपर्यंत किल्ली घ्यायची, नाहीतर घर प्रतीक्षेतल्या पुढच्या माणसाला. ती ओळ लांबलचक होती, कुणी थांबणार नव्हतं. मला आभाळ ठेंगणं झालं. मी मनात आतली खोली लावायलाही लागले, लेकीचं टेबल खिडकीशी.

शनिवारी वन्सं घर बघायला गेल्या आणि किल्ली न घेता परत आल्या.

"घेत नाही," म्हणाल्या. "त्या घरात बाण नाहीत."

"मग चांगलंच झालं की!"

"अगं, मीच लावले होते, भिंतभर. न्हाणीत, खिडकीखाली, दारावर. पुन्हा बघायला मला बोलावलंच नाही कुणी. आज बघते तर एक नाही. आणि बोट फिरवलं तर डिंक." त्यांनी मला बोट दाखवलं. "नखानं काढलेत. खराब माल माझ्या गळ्यात मारतायत."

मी तशीच चपला घालून साइटवर गेले. कॉलरवाली जिन्यात भेटली, तिला विचारलं. तिनं कपाळावर हात मारला. "अहो वहिनी, घर त्यांचं आहे कळल्यावर आम्ही सगळ्या जणी कामानंतर थांबून ते दुरुस्त करत होतो. भेगा भरल्या, नळ बदलला, दार पुन्हा लावलं. आम्हीच बाण काढले, इंजिनियरबाईंना वाटलं ताईंनीच काढले. म्हटलं, जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, एकदा तरी बाईला बिनचुकीचं काहीतरी मिळू दे."

मला हसावं की रडावं कळेना. या बायका इतकी वर्षं हिच्या हाताखाली काढून विसरल्या, की न विचारता काढलेला बाण म्हणजे या बाईच्या लेखी चोरीच! मी नवऱ्याला फोन केला आणि म्हटलं, ताईंना घेऊन ये, ओढत आण.

तो रिक्षातून घेऊन आला आणि खालीच थांबला. वन्सं वर त्या घरात आल्या. उन्हं कलायला लागली होती आणि खाली ऑफिसात इंजिनियरबाई किल्ल्यांची पेटी समोर ठेवून बसल्या होत्या.

मी कॉलरवालीचं सगळं सांगितलं.

"त्या असंच सांगणार."

"भिंत बघा ना. नळ सोडून बघा."

"बघितलं. सगळं ठीक आहे."

"मग?"

"म्हणूनच तर."

मी आवाज खाली आणला, अगदी लोण्यासारखा. "ताई, तुमच्या भल्यासाठीच सांगतेय हो. आम्हाला काय तुम्ही जड आहात का? पण आपलं म्हणून एक घर..."

वन्संनी मान वळवली. माझ्या हातांकडे बघितलं, मग दाराकडे. "तूही?" म्हणाल्या. "खरं सांग. मी नकोय ना तुला घरात?"

'अहो, काहीतरीच काय!' हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण दिवसभराची दगदग, त्या बायकांची मेहनत, आणि खाली ऑफिस बंद व्हायची वेळ! माझं डोकंच फिरलं.

"हो! नकोय!" मी ओरडले. "माझी पोर मोरीच्या दारात बसून परीक्षेचा अभ्यास करतेय. माझ्या ओट्यावर मला बाण नकोत. नवऱ्याशी भांडायचं म्हटलं तर मला माझ्या घरात एक कोपरा नाही! तुम्ही इथे आलात तर माझी सुटका होईल. हेच काम आहे माझं तुमच्याकडे, दुसरं काही नाही. झालं समाधान?"

जिन्यात कॉलरवाली उभी होती, तिनं तोंडावर हात ठेवला. वन्सं मात्र रागावल्या नव्हत्या.

"आणि माझा भाऊ?"

"त्यालाही हेच हवंय. फक्त तो बोलणार नाही."

"असं होय," त्या म्हणाल्या. पदर खोचला. "म्हणजे पाणी तुमच्याकडे मुरत होतं. मी उगाच या भिंतींना दोष देत होते."

आणि खाली जाऊन किल्ली घेतली. सही करताना इंजिनियरबाई म्हणाल्या, "अभिनंदन, मावशी." वन्सं म्हणाल्या, "ते निवडणुकीनंतर बघू. भाडं वाढलं तर तुमच्याच दारात येऊन बसेन."

दुसऱ्या दिवशी पेटी आणि गादी हलवली. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, खोटं कशाला बोलू? पण जिना चढताना मी मुद्दाम मागे राहिले. असं कुणी कुणाला तोंडावर बोलतं का? बाई आता जन्मभर माझं तोंड बघणार नाही, अशी मी मनाची तयारी केली होती.

वन्संनी सगळ्या खिडक्या उघडून बंद करून बघितल्या. मैत्रिणी दारात घोळका करून उभ्या होत्या, त्यांना नुसतं "फटी बऱ्या भरल्यात" म्हणाल्या, तर कॉलरवालीला केवढं भरून आलं! मग त्यांनी किल्ल्यांचा जुडगा सोडवला. दोन किल्ल्या होत्या. माझ्या नवऱ्यानं लगेच हात पुढे केला. "ताई, दुसरी माझ्याकडे राहू दे हं. अडीअडचणीला भाऊच उपयोगी पडतो."

वन्संनी मूठ मिटली. मला आतल्या खोलीत बोलावलं, दार लोटलं, आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

"तुझ्याकडे राहू दे," म्हणाल्या. "तुला कुणी नको असलं की तू नको म्हणतेस. मी कधी आजारी पडले आणि तू आलीस, तर मनापासून आलीस एवढं मला कळेल."

मी किल्ली घेतली आणि त्या कोऱ्या भिंतीला टेकून ढसाढसा रडले.