स्टेशनामागचं मैदान

हे माझ्या तोंडून आजवर कुणापुढे निघालेलं नाही. बायकोपुढे नाही, आई होती तोवर तिच्यापुढे नाही, आणि ज्याच्यापुढे निघायला हवं होतं त्याच्यापुढे तर नाहीच. तो गेल्या महिन्यात गेला. मग आता बोलून काय उपयोग, असं तुम्ही विचाराल. काही उपयोग नाही. तरी लिहितो आहे — हळूहळू, खोडत खोडत — कारण न लिहिता बसलो की मला माझ्याच अंगाचा वास येतो.

त्याचं नाव महारुद्र. आमच्या गावच्या फुटबॉल क्लबाचा गोलकीपर. दिवसा आडतीत पोती उचलायचा, संध्याकाळी गोलमध्ये उभा राहायचा. आणि मी? मी शाळेत शिकवतो. जन्मानं जंगम. लिंगायतांच्या घरी लग्न असो की मयत, जंगमावाचून पान हलत नाही. वडील आयुष्यभर तेच करत आले. मला मात्र त्या झोळीची आणि शंखाची लाज वाटायची. हैदराबादेत शिकून आलो, उर्दू चांगली लिहायचो, म्हणून क्लबानं सेक्रेटरी केलं. गावात मी मास्तर होतो, आमच्या समाजात स्वामी. महारुद्र मला दोन्ही म्हणायचा. खेळाचं बोलायचं असलं की मास्तर, मनातलं बोलायचं असलं की स्वामी.

आमचं मैदान म्हणजे चिंचांखालची जागा. आठवड्यातून एकदा तिथं गुरांचा बाजार भरायचा आणि उरलेले दिवस आम्ही शेणातून खेळायचो. बघायला कुणीही यायचं. कुंपण नव्हतं, तिकीट नव्हतं. मोमीन, मारवाडी, गावकुसाबाहेरची माणसं, जो तो सावली बघून बसायचा. मला तिथली किळस यायची — खोटं कशाला सांगू? पानाच्या पिचकाऱ्या, शिव्या, बॉलला चिकटलेलं शेण. मी शिट्टी घेऊन धावलो की कुणीतरी हमखास ओरडायचं, "मास्तर, बॉल ऱ्हाऊ द्या, धोतर सांभाळा!" सगळं मैदान हसायचं. महारुद्रही हसायचा. मीही हसल्यासारखं करायचो.

अशात कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या शेठनं निरोप पाठवला. स्टेशनामागं त्यांची जागा पडीक होती. ती क्लबाला देतो म्हणाले. भोवती भिंत, दाराशी तिकीट, एका बाजूला छपराखाली बाकं आणि खुर्च्या. हैदराबादेची टीम बोलावू म्हणाले. त्यांच्या स्वागताला सेक्रेटरी लागणार होता. म्हणजे मी.

गाव दुभंगलं. फुटबॉलवरून गाव दुभंगतं का? आमचं दुभंगलं. चिंचवाले आणि टेसनवाले. न्हाव्यानं टेसनवाल्यांची दाढी अर्धी करून सोडल्याचं मी पाहिलं आहे. हॉटेलात दोघांची बाकडी वेगळी झाली. साडू साडवाच्या घरी बारशाला गेला नाही. चिंचवाल्यांचा म्होरक्या रहेमतमामा, फुटाणेवाला. टोपली डोक्यावर घेऊन तो भर बाजारात गर्जायचा, "आता मॅच बी शेठच्या भिंतीआड! उद्या आभाळाला बी दार लावतील अन् तिकीट फाडतील!" टेसनवाले त्याला म्हणायचे, "मामा, तुमचे फुटाणे खपायचे न्हाईत म्हून बोंबलायलाय तुमी." तो म्हणायचा, "हाव, बोंबलतो. तुमच्या तोंडात शेठचे फुटाणे हायेत, तुमी कसं बोंबलताल?"

पण त्याच्याकडे फुटाण्यांपेक्षा जड गोष्ट होती. एका संध्याकाळी चिंचेखाली सगळे जमले असताना त्यानं ती काढली. "टेसन के पीछे मुर्दे सोये सो जगा है, मास्टर. मेरा बाप बोलता था. मानमोडी में वांच गाडे थे, लिंगायतों के."

मानमोडीची साथ कुणी विसरलं नव्हतं. गाव ओस पडलं होतं, माणसं शेतात झोपड्या घालून राहिली होती. कुणी कुणाला कुठं माती दिली हे सांगायला फार थोडे उरले होते. महारुद्र तेव्हा अंगावर पिणारं पोर. त्याची आई त्याच साथीत गेली, मागोमाग बापही. आईच्या भावानं त्याला आजोळी वालूरला नेलं, तिथंच तो वाढला. जाणता झाल्यावर गावात परत आला तेव्हा आई कुठं आहे हे सांगणारं कुणी नव्हतं.

कुणी नव्हतं — असं तो समजत होता.

त्या साथीत माझे वडील गाव सोडून गेले नाहीत. ओढ्यापलीकडच्या आमच्या रुद्रभूमीपर्यंत मयत न्यायला खांदे उरले नव्हते. जवळची मोकळी जागा ती स्टेशनामागची. वडिलांनी तिथंच खड्डे घेतले. जमलं तितक्यांना आपल्या रीतीनं बसवून, हातात त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग देऊन माती दिली. पुढे दर श्रावणात ते बेलाची पानं घेऊन तिथं जायचे. मला बरोबर न्यायचे. तिथं ना दगड होता ना खूण, फक्त एक बाभूळ. बाभळीपासून जिनिंगच्या बाजूला थोडं चालून ते थांबायचे आणि पान ठेवायचे. "इथं वालूरच्या लेकीला बसवलंय," म्हणायचे. "तिचं पोर मोठं झालं की त्याला जागा दाखवायची. मी नसलो तर तू दाखव."

मी दाखवली का? वडील गेले. महारुद्र गावात आला. आम्ही रोज भेटायचो. आज सांगू, श्रावणात सांगू, असं म्हणत राहिलो. शिकलेल्या माणसानं बेलाची पानं घेऊन बाभळीखाली फिरायचं — कुणी पाहिलं तर? एवढंच कारण होतं. यापेक्षा मोठं कारण मला आजही सापडत नाही.

आणि त्या संध्याकाळी महारुद्र उठला. दोन्ही बाजूंचं त्याच्यावर प्रेम होतं, तो जाईल तिकडं गाव जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो कुठल्याच बाजूला नव्हता. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"स्वामी, त्या वक्ताला समद्यांना माती तुमच्या वडलांनी दिली. तुमाला ठावं असंल. तिथं कुनी हाय का? असंल तर मी त्या जागंवर पाय ठिवणार न्हाई. नसंल तर आमी समदे येतो. मला काय, कुठं बी बॉल अडवायचा."

किती सोपं विचारलं त्यानं. मी उत्तर द्यायला वेळ घेतला, म्हणजे लोकांना वाटावं की मास्तर आठवतो आहे. मी काय आठवत होतो? छपराखालची खुर्ची. हैदराबादेची टीम आगगाडीतून उतरते आहे, मी पुढे होऊन उर्दूत दोन वाक्यं बोलतो आहे, आणि धोतराचं कुणी काही ओरडत नाही — हे.

मी म्हणालो, "तिथं कुणी नाही. असतं तर वडील मला सांगून गेले असते."

त्यानं मला शपथ घातली नाही. जंगमाला शपथ घालत नाहीत. माझ्या पायाला हात लावून तो मागे वळला आणि म्हणाला, "झालं, मामा. स्वामी सांगतेत. चला टेसनावर." रहेमतमामा माझ्याकडे बघत राहिला. मग टोपली उचलून चालता झाला.

इथं थांबलो असतो तर एक खोटं बोललेला माणूस एवढाच झालो असतो. पण गोलचे खांब पुरायचे होते. मी उभा राहून खड्डे खणून घेत होतो. जिनिंगच्या बाजूच्या खड्ड्यात गडी कमरेइतका खाली होता. त्यानं हात वर केला. "मास्तर, ह्ये काय लागलं बघा." तळहातावर मातीनं माखलेलं, बोराएवढं काळं — लिंग. कुणाच्या तरी हातातलं. तिचंच होतं असं मी म्हणत नाही. नव्हतं असंही मला म्हणता येत नाही. गड्याला मी म्हणालो, "गारगोटी आहे. खांब बसव." त्यानं बसवला. लिंग मी मुठीत घेतलं, जिनिंगच्या विहिरीपाशी गेलो आणि टाकून दिलं. रोज सकाळी आंघोळ करून डाव्या तळहातावर स्वतःचं लिंग घेऊन पूजेला बसणारा मी. दुसऱ्या दिवशीही बसलो. त्याच तळहातावर. आजही बसतो.

नवं मैदान गाजलं. महारुद्र त्या गोलमध्ये वर्षानुवर्षं उभा राहिला. सामन्याआधी जमिनीला हात लावून कपाळाला लावायचा. सगळेच खेळाडू लावतात. मग तिथंच पाय घासायचा, घाम गाळायचा, थुंकायचा, बॉलवर झेप घेऊन छातीवर पडायचा. लोक टाळ्या पिटायचे. मी खुर्चीवर बसून टाळ्या पिटायचो. ओकारी यायची का? खरं सांगतो — पहिल्या काही सामन्यांत यायची. नंतर येईनाशी झाली. तेच मला जास्त घाण वाटतं.

रहेमतमामा दारातून कधी आत आला नाही. भिंतीबाहेर टोपली घेऊन बसायचा. आतल्या आरड्यावरून गोल कुणी मारला ते तिकीट नसलेल्यांना सांगायचा, आणि बरोबर सांगायचा. मी जाता-येता दिसलो की टोपलीवर फडकं ओढायचा. मला त्यानं पुन्हा फुटाणे विकले नाहीत.

गेल्या महिन्यात महारुद्र तापानं पडला. ताप डोक्यात चढत गेला. मी रोज जाऊन बसायचो. एका दुपारी त्याची बायको पाणी आणायला गेली होती, तेव्हा तो शुद्धीवर आला. माझा हात धरला.

"स्वामी, मी काय आता उठत न्हाई."

"असं बोलू नये," मी म्हणालो.

"एक डाव आठवून बघा हो. तुमच्या वडलांनी मायची जागा कदी सांगितली का? नुसती दिशा सांगा. मला तिच्याशेजारी बसवा. बस्स, लय न्हाई मागत."

दोघंच होतो. गाव नव्हतं, शेठ नव्हते, खुर्ची नव्हती. कुणाला भ्यायचं होतं मी? तो उठून मला मारणार होता का? त्याला उठून बसताही येत नव्हतं. मी सांगितलं असतं तर शेठचे पाय धरून गोलखांबामागं एक खड्डा मिळालाही असता. पण मग इतकी वर्षं त्याला तिथं कुणी उभं केलं, हे त्यानं त्या डोळ्यांनी मला विचारलं असतं. माणूस मरत होता आणि मी त्याच्या डोळ्यांतली माझी किंमत सांभाळत होतो.

मी म्हणालो, "नाही रे. वडिलांनाच ठाऊक नव्हतं."

"बरं," तो म्हणाला. आणि माझी समजूत घालावी तसा हात थोपटला.

तिसऱ्या दिवशी तो गेला. ओढ्यापलीकडं, रुद्रभूमीत त्याला माती द्यायचं ठरलं. गावात जंगमकी करणारे आता माझे चुलतभाऊ, ते परभणीला गेले होते. त्याच्या बायकोनं मला बोलावलं. म्हणाली, "तुमीच करा, स्वामी. त्यांनी दुसऱ्याला कुनाला मानलंच न्हाई."

आमच्यात मृताला बसवतात, आणि माती देण्याआधी जंगमानं त्याच्या मस्तकावर पाय ठेवायचा असतो. तो गुरूचा पाय समजतात. त्या पायानं माणूस सुटतो म्हणतात. महारुद्रला भस्म लावून बसवलं होतं. मान जरा एका बाजूला कलली होती, बॉल कुठून येतोय बघताना कलायची तशी. दोघांनी ती सरळ धरली. मी उजवा पाय उचलला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. केस अजून मऊ होते.

मग त्याच्या बायकोनं तांब्याभर पाणी आणून माझा पाय धुतला. ते पाणी ओंजळीत घेऊन तीर्थ म्हणून प्यायली, आणि ओली बोटं आपल्या लेकराच्या ओठांना लावली. मी पाय मागे घेतला नाही.