नेमणूकपत्र शेवटून वाचणारे मामा

चेन्नईजवळच्या आवडी गावातून मामींचा फोन आला तेव्हा मी तिकडच्याच इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात होते. "मामा गेले मा... पेपर वाचता वाचता," एवढंच त्या म्हणाल्या. त्याला पाच आठवडे झाले. रडून झालं. आता मात्र त्यांच्याविषयी बोलायला लागले की थांबवतच नाही, कारण या माणसाच्या सहवासात कंटाळा कधी फिरकलाच नाही!

मामा म्हणजे सेतुमाधवराव, माझे घरमालक. तंजावरकडच्या मराठी घरातले, एका कारखान्याच्या टाइम ऑफिसातून, म्हणजे हजेरीच्या कचेरीतून, निवृत्त झालेले. साताऱ्याहून डिप्लोमा करून मी आले, त्यांची वरची खोली घेतली आणि पहिल्याच संध्याकाळी नेमणूकपत्र त्यांच्यापुढे नाचवलं. "मामा, मी कंपनीत इंजिनीअर!" गावात पेढेही वाटून झाले होते. मामांनी पत्र शेवटून वाचायला घेतलं. "कोणत्या कंपनीत मा?" तमिळ सवयीने ते सगळ्याच मुलींना 'मा' म्हणत. मी कारखान्याचं नाव सांगितलं. त्यांनी सहीखाली बोट ठेवलं. तिथे भलतंच नाव होतं, माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराचं. आणि पद... प्रशिक्षणार्थी. माझा चेहरा पडला, पण मामा उत्साहाने उठूनच उभे राहिले. "अय्यो, रडतेस काय! काम खरं आहे ना? मग नीट समजून घे. नेमणूक एकाची, हुकूम दुसऱ्याचा, असं चालतं इथे. कोण कोणाला काय लागतो, ते आधी पाहायचं."

चार महिन्यांनी माझ्या शेजारच्या, पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर माझ्यासारख्याच पत्रावर आलेल्या सेल्वीची दोन बोटं चिरडली. सुपरवायझर म्हणाला, ती आमची नाही, ठेकेदाराची. ठेकेदार म्हणाला, ती कामगारच नाही, शिकाऊ आहे. सेल्वी दवाखान्यात, आणि ती नेमकी कोण, हेच ठरेना! मी घरी येऊन सांगितलं. दुसऱ्या सकाळी मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माझ्याबरोबर निघाले. मॅनेजरच्या केबिनमध्ये मामा पाहुण्यासारखे बसले.

"तिला मशीनवर उभं कोणी केलं?"

"आमच्या सुपरवायझरने."

"माल किती काढायचा, कोण सांगायचं?"

"तोच."

"मग शिकवत कोण होतं, साहेब?"

मॅनेजरनी फोन उचलून ठेकेदाराला बोलावलं. दुपारपर्यंत अपघाताची नोंद कामगाराचा अपघात म्हणून झाली. सेल्वीला उपचार मिळाले, रजा मिळाली, आणि बरी झाल्यावर तपासणी विभागात कामही. परतताना मामा इतके खुशीत होते की बसमध्ये कंडक्टरला तमिळमध्ये सगळी हकीकत ऐकवली आणि आमचा स्टॉप मागे गेला! पुढच्याच आठवड्यात आम्ही आठजणींनी आमची कामं लेखी मागितली. दोन वर्षांनी मी कायम झाले.

परवा मामींनी मला मामांच्या खोलीत नेलं. कपाटातून एक पिवळं पाकीट काढलं. मामांचं पहिलं नेमणूकपत्र... पद, हंगामी कारकून. "सहा वर्षं स्वतःला कायम समजत होते," मामी म्हणाल्या. "एकदा आजारी पडले, रजा मिळेना, तेव्हा कळलं. मग ही शेवटून वाचायची खोड लागली."

मी पत्र हातात घेऊन उभी होते, तेवढ्यात फाटक वाजलं. लातूरकडच्या दोन मुली, मामांना दाखवायला नेमणूकपत्रांची फाइल घेऊन आलेल्या. मामा गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगायला पुढे झाले, पण मामींनी मला हाताने थांबवलं. त्यांनी चष्मा लावला, मामांच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "या मा, आत या. शेवटचं पान द्या आधी."