पांढऱ्या पायाची

माण तालुक्यातल्या खडकवस्तीवर शालूबाई सून म्हणून आली तेव्हा फाट्यापासून वस्तीपर्यंतचा रस्ता फुफाट्याचा होता. नवी नवरी तेवढं अंतर चालून दारात उभी राहिली, तोवर तिचे पाय घोट्यापर्यंत पांढरे झाले होते. रीतीप्रमाणे उंबऱ्यावर नवरीच्या पायांवर पाणी घालतात. पण विहिरीने तळ गाठलेला. सासूने भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पाणी राहू दे म्हणाली. त्या वर्षी पाऊस पडला नाही. मग कुणाला तरी आठवलं की पोरगी उंबऱ्यावर उभी होती तेव्हा तिचे पाय पांढरेफेक होते. झालं, "पांढऱ्या पायाची" हे नाव तिला चिकटलं ते कायमचं.

गंमत म्हणजे शालूबाईचं माहेर कोयनेच्या काठावरचं. तिथे पावसाळ्यात भिंतींना शेवाळ धरतं, धुणं चुलीवर वाळवावं लागतं आणि ढग दारातून आत येऊन स्वयंपाकघर बघून जातात. अशा गावची लेक दुष्काळ घेऊन आली म्हणे! पण दुष्काळात माणसांना हसू सुचत नाही, खापर फोडायला डोकं मात्र बरोबर सापडतं. शालूबाई सुरुवातीला रडली, मग भांडायला शिकली. पुढे चांगले पाऊस झाले, तिच्या शेतात ज्वारी पुरुषभर वाढली, पण त्याचं श्रेय तिच्या पायांना कुणी दिलं नाही.

दोन हजार तेवीस साली पावसाने पुन्हा तोंड फिरवलं. टीव्हीवर सांगत होते की दूरच्या कुठल्या समुद्राचं पाणी तापलंय, म्हणून इकडचे वारे बिघडलेत. ते कुणाला पटेना. पारावर बसणाऱ्या अर्जुनाने शोध लावला की डोंगरावरच्या पवनचक्क्या ढग पळवतात. साऱ्या वस्तीने महिनाभर पवनचक्क्यांना शिव्या घातल्या. पण पवनचक्की हलवता येत नाही, सून हलवता येते. वस्तीत त्या वर्षी एकच नवी सून आली होती. शालूबाईच्या धाकट्या जावेची, लीलाबाईची सून शिवांजली.

शिवांजली वाईच्या वरच्या अंगाची, भातखाचरांच्या गावची. नवरा शिवतेज फौजेत, लग्नाची सुट्टी संपताच तो परत गेला. नागपंचमीला भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेला. पंचमी झाली की सासरचं कुणीतरी सुनेला आणायला जातं. यंदा कुणी गेलं नाही. शिवतेजने फोनवर बायकोचं विचारलं की लीलाबाई रेंज नाही म्हणायची.

शालूबाई मटकी निवडत बसली होती तेव्हा लीलाबाईने खालमानेने सांगितलं की पाऊस पडू दे, मग आणू पोरीला. शालूबाईच्या अंगाची लाही लाही झाली. खापर तेच होतं, फक्त डोकं नवीन.

"लीले, माळवंवाली वरच्या आळीतनं खाली येती," ती म्हणाली. "वरच्या घरांनी भाजी घेतली, की आपल्या दारात पाटी रिकामीच येती. मग शेवटच्या घरातल्या सुनेला कुणी बोल लावतं व्हय? ढगाचंबी तसंच हाय. समुद्राकडनं भरून येतात, डोंगर चढताना गारठतात, आन तिथंच सगळं सांडून मोकळं हुतात. आपण डोंगराच्या पाठीमागं बसलोय. ह्यात त्या पोरीचं पाय कुठनं आलं?"

लीलाबाईने ते खोडलं नाही. मला कळतंय ओ, पण वस्ती काय म्हणंल, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

"वस्ती काय म्हणंल ते मी तीस वरसं ऐकलंय. घाल त्या वस्तीला चुलीत. मी जाते आणायला."

शालूबाईचा नवरा कृष्णात, निवृत्त फौजी, ओसरीवर सगळं ऐकत होता. सकाळी त्याने मोटारसायकल काढून बायकोला फाट्यावर एसटीत बसवून दिलं.

दहिवडी मागे पडली तरी खिडकीबाहेर उघडे माळ आणि टँकरची वाट बघणाऱ्या घागरी. पुसेगावच्या पुढे सुकली का होईना, बाजरी दिसू लागली. कोरेगाव सोडल्यावर आल्याची, उसाची शेतं. साताऱ्यात स्टँडवर भुरभुर लागली आणि शालूबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. वाईला घाटाच्या पायऱ्यांवर कृष्णेचं गढूळ पाणी आलेलं, आणि पुढच्या गाडीत तर काचेवरून धारा लागलेल्या. एका दिवसाच्या तिकिटात दुष्काळापासून चिखलापर्यंत! अर्जुनाला एकदा ह्या गाडीत बसवायला हवं, असं तिच्या मनात आलं, पण तो बसला असता तरी खिडकीशी झोपला असता.

शिवांजलीची आई तिला बघून आधी घाबरली, मग चहाला लागली. पोरगी दाराआडून पुढे आली. वाट बघून तिचे डोळे सुजले होते.

"थोरल्या आत्ती, तिकडं पाऊस पडला?"

"न्हाई."

"मग मला न्यायला कशा आलासा?"

"पडला न्हाई म्हणूनच आले. पडल्यावर कुणीबी आलं असतं."

पोरीने खाली बघत विचारलं, मी आल्यावरही नाही पडला तर? शालूबाईने तिला जवळ बसवलं आणि आपल्या उंबऱ्यावर राहून गेलेल्या पाण्याची गोष्ट सांगितली. ही गोष्ट तिने पोटच्या लेकींनाही सांगितलेली नव्हती. सांगताना तिला रडू आलं नाही, राग आला, आणि त्या रागाच्या भरात तिने तेलाचा रिकामा कॅन मागून घेतला. पन्हळीतून पडणाऱ्या धारेखाली तो ठेवला. गप्पा संपायच्या आत कॅन भरून वाहायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी फाट्यावर उतरल्या. ऊन चटचटत होतं. रस्ता अजून तसाच. डांबर टाकायला लोक दोनदा आले आणि दोनदा गेले. कॅन शालूबाईने पोरीच्या हातात दिला नाही. पारापाशी पोहोचेपर्यंत दोघींचे पाय पांढरे झाले होते.

नेमका टँकर आलेला. सारी वस्ती घागरी घेऊन रांगेत उभी, त्यात लीलाबाई. पारावरून अर्जुना म्हणाला की आली पांढऱ्या पायाची, आता दिवाळीपर्यंत टँकरच बघा. दोनचार जण हसले. शिवांजली जागच्या जागी थिजली.

शालूबाईने पदर खोचला, कॅनचं झाकण काढलं आणि भर पारासमोर पोरीच्या पायांवर पाणी ओतलं. थेंबाथेंबाने नव्हे, धार धरून ओतलं. रांगेतल्या बायकांच्या तोंडून "आगं, पाणी!" निघून गेलं. धूळ गढूळ होऊन वाहून गेली आणि खालून पोरीचे सावळे, पंचमीची मेंदी अजून न उतरलेले पाय दिसू लागले.

"बघून घ्या," शालूबाई म्हणाली. "ह्यो पांढरा रंग ह्या वस्तीच्या रस्त्याचा हाय. पोरीचा न्हाई. पाणी तिच्या म्हायेरचं हाय, टँकरचं न्हवं, तवा कुणी हिशेब मागायचा न्हाई. पाऊस येवो न येवो, ही ह्या वस्तीत ऱ्हाणार. ज्याला सोसत न्हाई त्यानं डोंगर हलवावा."

अर्जुना उगाच तंबाखू मळत राहिला. टँकरच्या नळीतून पाणी सांडत होतं, ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

मग लीलाबाईने रांगेतली आपली घागर खाली ठेवली. तिने सुनेकडे बघितलं, पण ती गेली जावेकडे. शालूबाईच्या हातातला कॅन तिने काढून घेतला. तळाशी थोडं पाणी उरलं होतं. ती खाली वाकली आणि थोरल्या जावेच्या धुळीने माखलेल्या पायावर ते ओतू लागली.

शालूबाईने एक पाय मागे घेतला. मग डोळ्यांत आलेलं पाणी पदराने न पुसताच तोही पुढे केला.

"ह्याच्यावरबी वत," ती म्हणाली. "एकच धुऊन भागायचं न्हाई."