लेकीच्या घरची पावणी

लेकीच्या घरी आई राहत नाही, पावणी म्हणून जाते. हे मला कुणी बसवून शिकवलं नाही. माझी आई माझ्या सासरी आली की चहासुद्धा अर्धा कपच घ्यायची. मीही तशीच. आणि त्यापायीच माझं अमेरिकेचं कार्ड गेलं.

मला एकच मुलगी. ती तिकडचीच नागरिक झाली. तिचे वडील गेल्यावर तिनं माझं कायम राहायचं कार्ड काढलं. मी अंथरुणाला खिळले तर तिच्याजवळ असावं, एवढंच तिचं म्हणणं. नऊ वर्षं मी जात-येत राहिले. वर्षातले चार महिने तिकडं, बाकीचे कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. शेवटी गुडघ्याच्या ऑपरेशनमुळं अकरा महिने घरीच होते.

त्यानंतर गेले, तर तिथल्या विमानतळावर साहेबानं मला आतल्या खोलीत नेलं. फोनवर मराठी बोलणारी बाई जोडून दिली.

“आजी, तुम्ही राहता कुठं?”

“कोल्हापुरात.”

“आणि इथं मुलीकडं?”

“लेकीच्या घरात कोण राहतंय, बाई? पावणी म्हणून येतोय की.”

साहेबानं तेच दोनदा फिरवून विचारलं. मी दोन्ही वेळा आणखी ठणकावून सांगितलं. मग त्यानं कागद पुढं केला. बाई म्हणाली, “तुम्ही कार्ड स्वखुशीनं परत देताय, असं लिहिलंय. सही करायची सक्ती नाही.” राहायचं नाही तर कार्ड कशाला ठेवायचं, म्हणून मी मराठीत सही ठोकली. त्यानं कार्ड ठेवून घेतलं आणि पासपोर्टवर सहा महिन्यांचा पाहुणीचा शिक्का मारला.

बाहेर मुलगी उभी होती. ऐकल्यावर तिनं माझा पासपोर्ट ओढून घेऊन शिक्का बघितला.

“आई, सही केलीस? मला एक फोन तरी करायचास!”

“खरं तेच सांगितलं. खोटं सांगू व्हय?”

कार्ड दिलं म्हणजे मिटलं, असं मला वाटलं होतं. आठवड्यानं तिनं मला तिकडच्या कर सल्लागारासमोर बसवलं. माणूस आपल्याकडचाच. त्यानं आधी माझं काय काय आहे ते विचारून घेतलं, मग म्हणाला, “शिरोळच्या शेतातल्या उसाचं कारखान्याकडून येणारं बिल इथं दाखवलं होतं का?”

“माझ्या उसाचा अमेरिकेशी काय संबंध?”

“कार्ड होतं तोवर जगात कुठंही मिळालेलं उत्पन्न इथं दाखवायचं होतं, आजी.”

माझे तिकडच्या कराचे कागद जावई भरायचे. शेजारी बसलेले जावई खाली बघायला लागले. त्यांनी फक्त बँकेचं व्याज दाखवलं होतं. सल्लागार पुढं म्हणाला, कार्ड आठ वर्षांच्या वर होतं, म्हणून मागच्या पाच वर्षांचे कराचे कागद दुरुस्त करून शेवटचा वेगळा फॉर्म भरावा लागेल. नाहीतर मी मुलीच्या नावानं शेत ठेवलं, तर त्यावर तिला तिथं कर बसेल. माझं शेत, माझी मुलगी, आणि मधे हे कोण? पण गुमान सगळं भरलं.

पुढच्या वर्षी जायचं तर व्हिसा लागणार होता. मुंबईला अमेरिकेच्या वकिलातीत मुलाखतीला गेले. काचेपलीकडच्या पोरीनं विचारलं, “तिकडं कायम राहायचा विचार आहे का?”

एकदा जीभ पोळली होती. तरी तोंडातून तेच आलं, “लेकीच्या घरात कोण राहतंय? पावणी म्हणून जातोय.”

ती हसली. व्हिसा दिला. मी तिथंच खुळ्यासारखी उभी. ज्या बोलण्यानं कार्ड गेलं, त्याच बोलण्यानं व्हिसा मिळाला. मागच्या माणसानं “सरका की आजी” म्हटल्यावर हलले.

बाहेर येऊन मुलीला फोन केला. ती खूश होईल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली,

“आई, हे भेटायला यायचं झालं. उद्या पडलीस तर तुला इथं ठेवून घेता येणार नाही. पुन्हा कार्डाला अर्ज करायचा म्हणजे वर्ष तरी जाईल. कळतंय का?”

“मग तू ये की.”

म्हटलं खरं, पण तिला वर्षाला दोनच आठवडे रजा मिळते, हे मला माहीत होतं.