नमुन्याशिवाय पार्ट मिळणार नाही

दुकानात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. उरलेले स्क्रू आणि किस्से. स्क्रू तरी कधीमधी कुणाला लागतात, किस्से नुसते पोटात खडखडत राहतात. म्हणून आज डबा उपडा करते.

तर आटपाट धुळं होतं. त्या धुळ्यात आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत एक टीचभर दुकान होतं. दुकानात भास्कर होता, तो माझा मुलगा. भास्करची बायको सुनंदा होती, ती बोलायची कमी आणि बघायची जास्त. बाहेर ओट्यावर रफिकभाई होते, ते जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचे. आणि गल्ल्याशेजारी स्टुलावर मी. पोरगा, सून, गिऱ्हाईक, सगळे मला अक्काच म्हणतात.

मिक्सर, कुकर, शेगडी, कूलर... घरात जे काही बिघडतं त्याचा पार्ट आमच्याकडं. नियम एकच, आमच्या ह्यांनी घालून दिलेला. नमुना आणा! जुना मोडका पार्ट हातावर ठेवा, मग नवा घेऊन जा. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, पण कुकरची रिंग हातात आली की डोळे मिटून सांगते किती लिटरची ते.

पण गेल्या दोनतीन वर्षांत लोक पार्ट बघायला आमच्याकडं यायला लागले आणि घ्यायला मोबाईलमध्ये जायला लागले. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, ताटात पुरणाची पोळी असताना, भास्कर म्हणाला, "अक्का, दिवाळीपर्यंत बघतो. नाहीतर शटर पाडतो. शिरपूरला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये जागा आहे."

पोळी गोड होती, पण मी अर्धी ताटातच ठेवली.

*

लोक कसे यायचे ते सांगते.

एक चांगला शिकलेला, सासुरवाडीला आलेल्या जावयाच्या ऐटीत वागणारा माणूस आला. मिक्सरचा कपलर पाहिजे होता. कपलर म्हणजे जारच्या खाली फिरते ती दातेरी चकती. भास्करनं चार काढून दाखवले. त्यानं चारही उलटेसुलटे केले, एक पसंत केला, त्याचा फोटो काढला आणि मोबाईलवर अंगठा फिरवत बसला.

"काय झालं साहेब?"

"काही नाही, ऑनलाइन वीस रुपये कमी दिसतोय. पण तुमच्या गल्लीत रेंज नाही हो. जरा हॉटस्पॉट देता?"

आणि आमच्या भास्करनं दिला! गरीब स्वभाव. रफिकभाईंनी ओट्यावर कपाळाला हात लावला.

पाच मिनिटांनी जावईबापू खूश. ऑर्डर झाली. मग म्हणतात कसे, "भाऊ, अजून एक. आम्ही दोघं दिवसभर ड्यूटीवर असतो, घरी कुणी नसतं. पत्ता तुमच्या दुकानाचाच टाकलाय. पार्सल आलं की ठेवून घ्या!"

*

आता आमचे नाना. एसटीतून रिटायर झालेले, गल्लीच्या तोंडाशीच राहतात. पेपर वाचायला रोज आमच्याकडं, चहा आमच्याकडं, आणि खरेदी मोबाईलमध्ये! पुन्हा आम्हालाच समजावणार, "अक्का, तुम्ही लोक लुटता. तिकडं बघा, कंपनीचा भाव!"

एकदा त्यांनी कुकरची रिंग मागवली. नमुना कुठला न्यायचा? मोबाईलला नमुना दाखवता येतो थोडाच! पडद्यावर सगळ्याच रिंगा बांगडीएवढ्या दिसतात. नानांनी अंदाजानं बोट दाबलं. आल्या त्या सहाच्या सहा! एकावर पाच फुकट. आणि नानांचा कुकर तीन लिटरचा, रिंगा दहा लिटरच्या.

घेऊन आले आमच्याकडं. "भास्कर, ह्या घे आणि मला एक बरोबर मापाची दे. एक्स्चेंज."

"नाना, ह्या मी कुठं दिल्या?"

"अरे दुकानदार ना तू? मग!"

रफिकभाई बाहेरून म्हणाले, "वा नाना! दूल्हा ऑनलाइन, और बारात हमारे दरवाजे पे?"

नाना रागानं सहाही रिंगा परत घेऊन गेले. नानींनी त्यांचं काय केलं माहीत आहे? उन्हाळ्यात गच्चीवर पापड वाळत घातले, तेव्हा पापडावरच्या साडीला चारी बाजूंनी त्या रिंगा वजनाला ठेवल्या. वाऱ्याबरोबर साडी गेली, साडीबरोबर रिंगा गेल्या, आणि पापड तेवढे राहिले. ते मात्र कावळ्यांनी नेले.

*

हे फक्त धुळ्यातच चालतं असं समजू नका. जळगावला, मेहरूणला, माझी धाकटी बहीण असते. जळगावचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. भिंतीला पाठ टेकली तर भाजून निघते! त्यात त्यांच्या कूलरचा पंप गेला.

मी फोनवर म्हटलं, "जुना पंप घेऊन कुणाला तरी पाठव धुळ्याला, भास्कर लगेच देईल. नाहीतर तिथंच बाजारात बघा."

मेहुणे मागून ओरडले, "अक्का, मी ऑर्डर टाकली पण! दोन दिवसांत दारात!"

दोन दिवसांनी विचारलं तर पार्सल नागपूरला. चार दिवसांनी भिवंडीला. आठवड्यानं पुन्हा नागपूरला! मेहुणे रोज सकाळी देवाआधी मोबाईलचं दर्शन घ्यायचे. माझी बहीण म्हणाली, "अक्का, त्या पंपानं जेवढा मुलूख पाहिला तेवढा मी लग्न झाल्यापासून पाहिला नाही."

तोवर कूलर कसा चालायचा? दर पंधरा मिनिटांनी मेहुणे उठायचे, तांब्या भरायचे आणि कूलरच्या गवतावर पाणी ओतायचे. मी म्हटलं होतं, दुकानातूनच आणा म्हणून! 'दोन दिवसांत दारात' हे त्यांचं बोलणं त्यांनाच निस्तरायचं होतं, म्हणून बिचारे तक्रार न करता ओतायचे. दुपारभर तेच.

बारा दिवसांनी पंप आला. मेहुण्यांनी आनंदानं खोकं उघडलं. तर बहीण म्हणते, "परत करा तो. काही गरज नाही."

"का गं?"

"माणूस वेळेवर पाणी टाकतोय, आवाज करत नाही, आणि लाइटही खात नाही. पंप बसवून तुम्ही पुन्हा कॉटवर लोळणार!"

*

हसायला ठीक आहे. पण इकडं दुकानात माशा होत्या. दसरा जवळ आला तसा शिरपूरहून भास्करला फोन आला. दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी हजर व्हा म्हणे. भास्कर हो म्हणाला. त्या दिवशी त्यानं दुकानातली एकही वस्तू पुसली नाही. रोज फडकं मारणारा माणूस.

त्याच आठवड्यात साक्रीकडची एक म्हातारी आली. डोक्यावर पोतं, पोत्यात मिक्सर. मिक्सर कसला, लोखंडी रणगाडाच! तीसेक वर्षांपूर्वीचा. सगळं धुळं पालथं घालून दमलेली ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "माय, बठ्ठं धुयं फिरनू. कोठेच पार्ट नही. नातू म्हणे मोबाईलमा बी नही. फेकी दे म्हणे."

"मग फेकायचा ना, आजी," भास्कर म्हणाला.

ती उसळलीच. "फेकी दे? मन्हा बापनी देयेल शे हाऊ!" बापानं दिलेला मिक्सर, ती कसा फेकेल!

मी तिच्या जारखालचा मोडका कपलर हातात घेतला. दाते मोजले. आठवलं. आमच्या ह्यांना एक खोड होती. कंपनीनं एखादं मॉडेल बंद केलं की उरलेले पार्ट पोतं भरून स्वस्तात आणायचे. मी भांडायचे, "ह्याचं लोणचं घालायचं का?" ते म्हणायचे, "मिक्सर बंद झाला, घरं थोडीच बंद झाली!" ती चार पोती अजून माळ्यावर होती.

सुनंदा वर चढली. शिंकत शिंकत खाली आली, तर हातात तोच कपलर! म्हातारीनं तो कपाळाला लावला.

ती गेल्यावर सुनंदानं एवढंच विचारलं, "अक्का, असे अजून किती आहेत?"

"पोती आहेत बाई, पोती."

"मोबाईलमध्ये मिळत नाहीत म्हणे."

"नाही म्हणे."

"मग आपण टाकू या की मोबाईलमध्ये."

भास्कर भडकला. "ज्यांनी आपलं दुकान बुडवलं, त्यांच्याच दारात जायचं?"

मी म्हटलं, "भास्कर, आठवडे बाजार नदीपल्याड भरायला लागला तर गाडी पल्याड न्यायची. अल्याड बसून शिव्या दिल्यानं वांगी विकली जात नाहीत."

*

सुनंदानं दुकानाला मोबाईलमध्ये एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं. ते मला एका दमात म्हणता येत नाही. मग फोटो. भास्कर म्हणाला, माप कळलं पाहिजे, नाहीतर नानांसारखे दहा लिटरवाले निघतील. म्हणून सुनंदानं प्रत्येक पार्ट माझ्या तळहातावर ठेवून फोटो काढला. हात बघितला की माप कळतं!

पहिली ऑर्डर आली. लांबची, नाव ऐकूनही कुठलं गाव ते कळेना. पार्ट काचेसारखा जपून पाठवायचा होता. मी माझं जुनं हिरवं लुगडं फाडलं, पट्ट्या केल्या, पार्टाला गुंडाळल्या आणि गाठ मारली. कंपनीचा माणूस येऊन पार्सल घेऊन गेला.

आठ दिवसांनी सुनंदा मोबाईल घेऊन आली. चेहरा पडलेला. गिऱ्हाइकानं एकच स्टार दिला होता.

"का? पार्ट बसला नाही?"

"बसला."

"मोडका निघाला?"

"नाही. त्यांनी लिहिलंय, फोटोत दाखवलेल्या दोन बांगड्या आल्या नाहीत!"

रफिकभाई ओट्यावर लोळायचे बाकी राहिले. भास्कर मात्र हसला नाही. "झालं," म्हणाला, "एक ऑर्डर, एक स्टार. आता कोण घेतंय?"

आणि खरंच, त्यानंतर मोबाईल गप्प. दसरा झाला. शिरपूरच्या सोमवारला दहा दिवस राहिले. भास्करची बॅग भरून दाराशी उभी.

*

त्याच सुमारास नाना पेपर वाचता वाचता म्हणाले, "भास्कर, आमच्या जुन्या मिक्सरचा नॉब तुटलाय. आहे का?"

माळ्यावरच्या पोत्यातलाच निघाला. "एकशे वीस, नाना."

"एकशे वीस! ह्या बटनाचे? म्हणूनच, म्हणूनच लोक ऑनलाइन जातात! राहू दे तुझं."

गेले. दुसऱ्या दिवशी सुनंदानं एक पार्सल माझ्यापुढं ठेवलं. "अक्का, ह्याला दोन गाठी मारा. गिऱ्हाईक खास आहे."

मी मारल्या. पार्सल आधी कंपनीच्या भिवंडीच्या गोदामाकडं गेलं.

शुक्रवारी मोबाईल एकदा वाजला, टिंग. मग परत टिंग. शनिवारी सकाळपासून तर थांबेचना. कुणी पुण्याहून, कुणी रायचूरहून, कुणी थेट वरच्या हिमाचलातून. सगळ्यांना जुन्या मॉडेलचेच पार्ट पाहिजेत! सुनंदा चिठ्ठ्या चिकटवतेय, भास्कर माळ्यावरून पोतं खाली घेतोय, मी लुगडं फाडतेय. हिरवं संपलं, जांभळं काढलं. एकाएकी काय झालं कुणाला कळेना.

दुपारी भास्करनं शिरपूरला फोन लावला. "साहेब, माफ करा," म्हणाला, "माझं येणं जमत नाही." फोन ठेवला आणि दाराशी गेला, बॅगेतलं फडकं काढलं आणि काउंटर पुसायला लागला. मी तोंड फिरवून सुईत दोरा ओवत बसले.

तेवढ्यात नाना आले. हातात उघडलेलं पार्सल.

"बघ भास्कर, डोळे उघडून बघ! ह्याला म्हणतात माल. एकशे ऐंशीला पडला, पण डिलिव्हरी फ्री! आणि पॅकिंग बघा अक्का. खऱ्या कापडात! वर दोन गाठी! तुमच्यासारखं पेपरच्या पुडीत नाही."

सुनंदानं कपाटात डोकं घातलं ते बाहेर काढेना.

"मी तर कंपनीला पाच स्टार दिले. चार फोटो टाकले. आणि काय लिहिलं, ऐका." नानांनी चष्मा लावला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं. "'तीस वर्षं जुना मिक्सर, कुठंच न मिळणारा पार्ट ह्यांनी दिला. माल अस्सल. ज्यांनी ज्यांनी जुने मिक्सर जपून ठेवलेत त्यांनी डोळे झाकून मागवावं. आमच्या गावच्या दुकानदारांनी ह्यांच्याकडून काही शिकावं!' गुरुवारी टाकलं, हजारो लोकांनी वाचलंय!"

ओट्यावर रफिकभाईंच्या हातातला पाना खाली पडला.

नानांनी चष्मा काढला आणि दुकानात नजर फिरवली. "शिरपूरला चाललास ना रे सोमवारी?"

"नाही नाना. रद्द केलं. वेळच नाही."

"वेळ नाही? गिऱ्हाईक तर एकही दिसत नाही!"

मोबाईल वाजला. टिंग. सुनंदानं आणखी एक नॉब माझ्याकडं सरकवला. मी जांभळ्या लुगड्याची पट्टी घेतली, गुंडाळली, एक गाठ मारली, दुसरी मारली.

नाना बघतच राहिले. मग माझ्याकडं बोट करून मोठ्यानं हसले.

"अरे वा, अक्का! लगेच कंपनीची कॉपी मारायला लागलात? मारा, मारा! असंच शिकत राहिलात ना, तर बरकत येईल दुकानाला!"