व्हेनिसच्या शर्यतीचं चित्र घेऊन कापड्याला

बोटीवरच्या नोकरीत मी व्हेनिस पाहिलं. तिथे रस्त्यांच्या जागी पाणीच. एका दुकानात जुन्या चित्राची छापील प्रत मिळाली: उत्सवाचा दिवस, रुंद कालवा, काठच्या हवेल्यांच्या खिडक्यांतून सोडलेले गालिचे आणि मधून शर्यतीच्या होड्या. रजेवर निघताना ती मामांसाठी पेटीत ठेवली.

सावित्री नदीकाठच्या आमच्या तुडील गावी मामांनी ती ओटीवर पसरली. माणसं उभ्याने वल्हवतात याचं त्यांना फार नवल वाटलं. मग म्हणाले, "ह्ये धर्माला दाव. आनि सांग, तवा माझं सुकाणू चुकलं नव्हतं. मीच वळवलं व्हतं."

धर्मा म्हणजे त्यांचा जिवाचा मित्र. बारा वर्षांपूर्वी जत्रेच्या शर्यतीत मामांची होडी त्याच्या होडीवर आदळली आणि त्याचा हात मोडला. वल्हं कायमचं सुटलं, तसा तो पोलादपूरपलीकडे कापड्याला लेकीकडे भातशेतीवर गेला. त्यानंतर दोघे भेटले नव्हते.

सकाळी भरतीबरोबर होडीने महाड गाठलं, तिथून बैलगाडीने पोलादपूर. पुढे पायवाट. ओढ्यात पाय घसरला आणि मी कमरेपर्यंत भिजलो. चित्र डोक्यावर धरलं होतं म्हणून वाचलं.

धर्मा खळ्यात भात वारवत होता. डावा हात कोपरात वाकडाच राहिलेला. लेकीने तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी (पातळ पिठलं) वाढली. जेवणं झाल्यावर मी चित्र उलगडलं. तो होड्यांवरून हळूहळू बोट फिरवत राहिला. तेव्हा मी निरोप सांगितला.

त्याने मान वर केली नाही. "मला तवाच ठावं व्हतं. त्यानं सांगायची वाट बघत व्हतो." मग चित्र गुंडाळून आढ्याला खोचलं. "न्यायला त्यालाच धाड."

मी परतून निरोप दिला, तसे मामा दुसऱ्याच दिवशी निघाले. चार दिवसांनी परतले, ते रिकाम्या हातांनी. चित्राचं विचारलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे तितं. परत जायला निमित्त नको का रे?"

पुढे दर जत्रेला धर्मा तुडीलला येऊ लागला. शर्यत केव्हाच बंद पडली होती. दोघे काठावर बसून नुसती भरती बघत. बोलत फार थोडं.

आता दोघेही नाहीत. मी पुष्कळ बंदरं पाहिली, पण घर सोडून दूर गेलं की मला सावित्रीच्या काठावर शेजारी टेकलेली ती दोन म्हातारी माणसंच दिसतात.